एक्झिक्युटिव्ह म्हणजे नेमकं कोण? नाशिकमध्ये पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी पदनामांची उकल

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या कंपन्यांच्या जाहिराती एका बैठकीत वाचल्या तर एक्झिक्युटिव्ह, ऑफिसर, असोसिएट आणि कोऑर्डिनेटर हे चारच शब्द फिरून फिरून भेटतात. डिप्लोमा किंवा बी.कॉम. करून नुकतीच बाहेर पडलेली मुलं त्यावरून कामाचा अंदाज बांधतात आणि तो बहुतेकदा चुकतो. 'ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' दिवसभर ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन लावत बसतो. 'असिस्टंट मॅनेजर'च्या हाताखाली एकही माणूस नसतो. 'मॅनेजमेंट ट्रेनी' दुसऱ्याच दिवशी पॉलिसी विकायला निघतो.

पदनाम कंपनी आपल्या सोयीने ठरवते. पगाराची श्रेणी बसवायची असते, ग्राहकासमोर माणसाचं वजन दिसायला हवं असतं, कधी पगार वाढवता येत नाही म्हणून नाव वाढवलेलं असतं. काम ओळखायची खात्रीची खूण एकच: महिन्याच्या मीटिंगमध्ये तुम्हाला कुठल्या आकड्याचा जाब विचारला जाणार? रिजेक्शन, उघडलेली खाती, वेळेत निघालेल्या गाड्या, तपासलेले कॉल, असा काहीतरी आकडा प्रत्येक खुर्चीला चिकटलेला असतो. तो सापडला की काम सापडलं. पुढच्या पायऱ्या तो शोधण्यासाठीच आहेत.

## १. पदनामाचे दोन तुकडे करा

'सीनियर एक्झिक्युटिव्ह – परचेस' यातला पहिला तुकडा श्रेणीचा, दुसरा खात्याचा. काम दुसऱ्या तुकड्यात असतं, पहिला फक्त तुम्ही शिडीवर कुठे आहात ते सांगतो.

इथल्या कारखान्यांतली शिडी साधारण अशी असते: ट्रेनी (पदवीवाला जीईटी, डिप्लोमावाला डीईटी), ज्युनिअर इंजिनिअर, मग इंजिनिअर किंवा ऑफिसर किंवा एक्झिक्युटिव्ह, सीनियर एक्झिक्युटिव्ह, असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, मॅनेजर, आणि त्यावर असिस्टंट, डेप्युटी व पूर्ण जनरल मॅनेजर (एजीएम, डीजीएम, जीएम). बहुतेक ठिकाणी डेप्युटी हा असिस्टंटच्या वरचा असतो; नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

ही शिडी कंपनीच्या आकाराप्रमाणे ताणते किंवा आक्रसते. तीस माणसांच्या वर्कशॉपमधला 'प्रॉडक्शन मॅनेजर' म्हणजे मालकानंतरचा सर्वेसर्वा: माल मागवणं, ऑपरेटरच्या रजा, बंद पडलेला कॉम्प्रेसर, सगळं त्याच्याच गळ्यात. दोन हजार माणसांच्या प्लांटमधला असिस्टंट मॅनेजर मात्र एकाच लाइनचा एकच भाग बघतो. खासगी बँका आणि विमा कंपन्यांत तर सुरुवातच 'मॅनेजर'पासून होते, त्यामुळे तिथल्या मॅनेजरची कारखान्यातल्या मॅनेजरशी तुलना करण्यात अर्थ नाही.

दुसरा तुकडा गायबच असेल, म्हणजे नुसतं 'मॅनेजमेंट ट्रेनी', 'असोसिएट' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलं असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती विक्रीची नोकरी समजा. विक्रीत वाईट काही नाही. पण ती विक्री आहे हे आधी कळलेलं बरं.

## २. जाहिरातीत हत्यारं शोधा

'डायनॅमिक', 'सेल्फ स्टार्टर', 'टीम प्लेअर' हे शब्द सरळ खोडून टाका. उरलेल्या मजकुरात कुठलं साधन, सॉफ्टवेअर किंवा अट आहे ते बघा. खरं काम तिथे उघडं पडतं.

- व्हर्नियर, मायक्रोमीटर, सीएमएम, ड्रॉइंग वाचन: तपासणीचं काम.
- एसएपी एमएम, जीआरएन, फिफो: स्टोअर किंवा परचेस.
- टॅली प्राइम, टीडीएस, जीएसटी रिटर्न: अकाउंट्स, पदनाम 'कमर्शियल' असलं तरी.
- पिव्होट टेबल, व्हीलूकअप, डॅशबोर्ड: एमआयएस, म्हणजे एक्सेलमध्ये रोजचे रिपोर्ट बनवणं.
- 'स्वतःची दुचाकी व लायसन्स आवश्यक': फिरतीचं काम. वर काहीही लिहिलेलं असो.
- टार्गेट, आकर्षक इन्सेन्टिव्ह, 'कमाईला मर्यादा नाही': विक्री, आणि मूळ पगार बेताचा.
- 'कोणतीही पदवी, संभाषणकौशल्य उत्तम, रोटेशनल शिफ्ट': कॉल सेंटर, रात्रपाळी धरून.
- 'लायझन': सरकारी कचेऱ्यांत खेपा.

'ताबडतोब रुजू होणाऱ्यांना प्राधान्य' असं असेल तर बहुधा कुणीतरी मध्येच सोडून गेलेलं आहे. जाहिरात टाळायचं कारण नाही, पण मुलाखतीत विचारायचा एक प्रश्न पक्का झाला.

## ३. एकच नाव, चार नोकऱ्या: 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह'

नुसतं खातं कळून भागत नाही, ते कुठल्या धंद्यातलं आहे हेही बघावं लागतं. नाशिक जिल्ह्यात 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' किंवा 'क्वालिटी अ‍ॅनालिस्ट' या नावाखाली निदान चार निरनिराळी कामं चालतात.

अंबड-सातपूरचं मशीन शॉप. सेटिंग झाल्यावर पहिला नग तपासून मान्य करायचा, मग कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलेल्या वेळेला नग उचलून मोजमापं नोंदवायची, माल निघण्यापूर्वी पीडीआय म्हणजे शेवटची तपासणी करायची. ग्राहकाकडून तक्रार आली की ८डी रिपोर्ट (दोषाचं मूळ कारण आणि उपाय मांडणारा ठरावीक नमुना) भरायचा. इथे मुलाखतीत बरेचदा साधाच प्रश्न असतो: २५ मिमी ± ०.०२ असा व्यास कशाने मोजाल? 'व्हर्नियर' म्हणालात तर गेलात. व्हर्नियरची लीस्ट काउंटच साधारण ०.०२ मिमी असते, म्हणजे जितकी सूट तितकीच मोजमापातली पायरी. असा व्यास मायक्रोमीटरने घ्यायचा. जाब विचारला जाणारा आकडा: रिजेक्शन आणि ग्राहकाच्या तक्रारी. भांडण ठरलेलं, प्रॉडक्शनशी. महिनाअखेरीला माल पास करण्यासाठी दबाव येतो आणि सही तुमची असते.

दिंडोरी-निफाड पट्ट्यातलं द्राक्षांचं पॅकहाउस. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स (गोडी), रिंगने मण्याचा व्यास, अर्ध्या किलोच्या पनेटचं (प्लास्टिकच्या डब्याचं) वजन, पाच किलोच्या पेटीत दहा पनेट, आत सल्फर डायऑक्साइडचं पॅड, मग प्रीकूलिंगला शून्याच्या आसपास तापमान. सोबत प्लॉटची ग्रेपनेटवरची (निर्यातीच्या द्राक्षबागांची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) नोंद आणि रेसिड्यूचा, म्हणजे फवारलेल्या औषधांच्या उरलेल्या अंशाचा, लॅब रिपोर्ट जुळवणं. आकडा: किती कंटेनरवर परदेशातल्या खरेदीदाराने क्लेम लावला, म्हणजे खराब मालाची भरपाई मागितली. हंगाम मुख्यतः जानेवारी ते एप्रिल. त्या दिवसांत घड्याळ बघायची सोय नसते. इथे विचारायचा प्रश्न: मे ते डिसेंबर मला काय काम आणि पगार तोच का?

बीपीओ, म्हणजे कॉल सेंटर. दुसऱ्यांचे कॉल हेडफोनवर ऐकून गुण द्यायचे: नाव विचारलं का, माहिती बरोबर दिली का, कॉल नीट बंद केला का. आकडा: दिवसाला किती कॉल तपासले. या जागेवर थेट फ्रेशर सहसा घेत नाहीत, आधी काही महिने स्वतः कॉल घ्यावे लागतात. जाहिरात क्वालिटीची आणि रुजू होताना कॉलिंग, हा प्रकार इथे बराच चालतो.

सॉफ्टवेअर कंपनी. टेस्ट केस लिहिणं, बग शोधून जिरावर (बग नोंदवायचं सॉफ्टवेअर) टाकणं, दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणं. आकडा: तुमच्या नजरेतून सुटून ग्राहकापर्यंत पोहोचलेले बग.

चौघांच्या लेटरवर पदनाम सारखंच. दोन वर्षांनी नोकरी बदलताना एकाचा अनुभव दुसऱ्याला कवडीचा उपयोगी पडत नाही.

## ४. नेहमी भेटणारी बाकीची पदनामं

पीपीसी एक्झिक्युटिव्ह. प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल. ग्राहकाचं शेड्यूल, गोदामातला साठा आणि मशिनची क्षमता यांचा मेळ घालून रोजचा प्लॅन काढायचा, आणि अकराच्या सुमाराला माल आला नाही म्हणून तो फिरवायचा. आकडा: प्लॅनच्या किती टक्के माल वेळेत गेला. फोन खूप येतात, शिव्या दोन्ही बाजूंनी पडतात. पण सगळा कारखाना समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. डिप्लोमावाल्यांनी ही संधी आली तर सोडू नये.

स्टोअर, मटेरियल, लॉजिस्टिक्स, कमर्शियल एक्झिक्युटिव्ह. या चौघांच्या कामाच्या सीमा कंपनीगणिक सरकतात. गेटवर ट्रक आला की चलन आणि पीओ (खरेदीची ऑर्डर) ताडून बघायचा, नग मोजायचे, एसएपीत (कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये) मिगो मारायचा म्हणजे माल आल्याची नोंद करायची, माल जागेवर लावायचा, हे स्टोअर. माल बाहेर जाताना इनव्हॉइस आणि ई-वे बिल काढायचं हे डिस्पॅच. ई-वे बिल लागतं ते मालाची किंमत राज्याबाहेर जाताना ५०,००० रुपयांच्या आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर असेल तर. वैधता दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी घाटात बंद पडली आणि मुदत संपली, तर ती वाढवून घेणं तुमच्या अंगावर.

'कमर्शियल'मध्ये जॉब वर्कचा हिशेब असतो आणि नवा माणूस नेमका तिथे अडकतो. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, मशिनिंगसाठी बाहेर पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली सामान तीन वर्षांत परत आलं पाहिजे (डाय, जिग, फिक्स्चर या मुदतीतून वगळलेले आहेत). नाही आलं तर पाठवलेल्या दिवशीच तो पुरवठा झाला असं धरून कर आणि व्याज लागतं. त्यामुळे आधीच्या माणसाची जुनी, न मिटलेली चलनं किती आहेत हे पहिल्याच आठवड्यात लेखी घ्या. नाहीतर ती तुमच्या नावावर चढलीच म्हणून समजा.

व्हेंडर डेव्हलपमेंट, एसक्यूए (पुरवठादाराच्या मालाची गुणवत्ता बघणारा). नाशिकच्या मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप्स आहेत. तिथे जाऊन नमुने पास करणं, पीपीएपीची (नवा भाग मंजूर करायच्या कागदपत्रांची) फाइल पुरी करून घेणं, चुकला माल तर उभं राहून सॉर्टिंग करून घेणं हे एसक्यूएचं. भाव ठरवणं परचेसचं. नवीन पुरवठादार शोधून उभा करणं व्हेंडर डेव्हलपमेंटचं. तिन्हींत फिरती आहे. पेट्रोलचा दर प्रति किलोमीटर किती ते विचारून ठेवा.

एमआयएस एक्झिक्युटिव्ह. इतरांनी अर्धवट पाठवलेली एक्सेल जोडून सकाळी साहेबांची मीटिंग सुरू होण्याआधी कालचा रिपोर्ट देणं. आकडा कोणाचाही चुकला तरी फोन तुम्हालाच. एक्सेलवर हात बसलेला असेल तर पहिले सहा महिने सोपे, नंतर तोचतोचपणा. एक्सेलमधली पॉवर क्वेरी शिकून घेतली तर दोन तासांचं काम दहा मिनिटांत होतं. ते झालं हे कुणाला सांगायचं आणि कधी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. पाठपुरावा. मीटिंगचे मुद्दे लिहून काढणं, कोणाकडे काय अडलंय त्याची यादी फिरवणं, ड्रॉइंगची ताजी आवृत्ती सर्वांकडे आहे ना बघणं. अधिकार जवळपास शून्य, जबाबदारी मात्र तारखेची. बांधकाम आणि पॅनेल बनवणाऱ्या कंपन्यांत साइटवर जावं लागतं. सिंहस्थाच्या कामांमुळे हे पद नाशिकच्या जाहिरातींत दिसलं, तर करार किती महिन्यांचा आहे ते आधी बघा.

एचआर एक्झिक्युटिव्ह. प्लांटमध्ये म्हणजे हजेरी, कंत्राटी कामगारांची कागदपत्रं, कँटीन, बस, पीएफ-ईएसआयची चलनं. कन्सल्टन्सीमध्ये म्हणजे दिवसाला पन्नास-साठ उमेदवारांना फोन. एमबीए करून पहिल्याच्या आशेने जाणारे बहुतेक दुसऱ्यात सापडतात.

बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह. विक्री. औद्योगिक मालाची असेल तर कोटेशन, भेटी, महिनोन्महिने चालणारा पाठलाग. सॉफ्टवेअर किंवा शिकवणीची असेल तर फोनवरची विक्री.

रिलेशनशिप ऑफिसर किंवा मॅनेजर. बँकेत खाती उघडणं, ठेवी आणणं, सोबत विमा आणि कार्ड गळ्यात मारणं. विमा कंपनीत 'एजन्सी' हा शब्द पदनामात असेल तर काम पॉलिसी विकण्यापेक्षा एजंट भरती करण्याचं: ओळखीच्या माणसांना आयआरडीएआयची (विमा नियामकाची) एजंटची परीक्षा द्यायला लावायची आणि त्यांनी आणलेला प्रीमियम हा तुमचा आकडा. नातेवाइकांची यादी पहिल्याच दिवशी मागतात, त्यावरून ओळखा.

फील्ड ऑफिसर. मायक्रोफायनान्समध्ये सकाळी लवकर गावोगावच्या गटांच्या बैठका आणि वसुली. खतं-औषधांच्या कंपनीत शेतकऱ्यांच्या बांधावर जाणं, डेमो प्लॉट, दुकानदाराकडचा माल आणि उधारी. द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांनंतरचे आठवडे सर्वांत धावपळीचे, बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेल्यांना बांधावर मान मिळतो, पण वर्षअखेरीला विचारतात ते विक्री आणि वसुलीच.

बिझनेस अ‍ॅनालिस्ट, कस्टमर सक्सेस, ऑपरेशन्स असोसिएट ही आयटीकडची नावं. पहिल्यात ग्राहकाला काय हवंय ते लिहून डेव्हलपरला समजावणं, दुसऱ्यात विकलेलं सॉफ्टवेअर ग्राहक सोडून जाणार नाही हे बघणं, तिसऱ्यात काहीही.

## ५. कोणाच्या रोलवर?

पदनामापेक्षा हा प्रश्न मोठा: तुमचं नाव कोणाच्या पगारपटावर आहे? एकाच लाइनवर सारखा गणवेश घालून उभे असलेले चौघे चार वेगळ्या करारांवर असू शकतात.

अप्रेंटिस हा १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतो. त्याला स्टायपेंड मिळतो, पीएफ कापला जात नाही, आणि मुदत संपल्यावर कायम करायला कंपनी बांधील नसते. करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा, नाहीतर शेवटी प्रमाणपत्र मिळणार नाही. 'ट्रेनी इंजिनिअर' लिहिलेलं लेटर प्रत्यक्षात अप्रेंटिसचं असू शकतं. लेटरमध्ये 'स्टायपेंड' शब्द दिसला की थांबून विचारा.

फिक्स्ड टर्म म्हणजे ठरावीक मुदतीची, पण कंपनीच्याच रोलवरची नोकरी. २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या कामगार संहितांनुसार अशा कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कायम कर्मचाऱ्याला त्यासाठी पाच वर्षं लागतात.

थर्ड पार्टी म्हणजे काम एका कंपनीत, पगार दुसऱ्या एजन्सीकडून. बँकांतले बरेच 'ऑफिसर' असेच असतात. ओळखायची सोपी युक्ती: ऑफर लेटरच्या वरचं नाव आणि गेटवरच्या पाटीवरचं नाव एक आहे का ते बघा. वेगळं असेल तर त्या एजन्सीचं नाव ईपीएफओच्या संकेतस्थळावर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये टाका. दर महिन्याला पीएफ किती कर्मचाऱ्यांचा भरला आणि कधी भरला ते तिथे दिसतं. दोन-तीन महिने खंड दिसला तर पगारही तसेच होत असणार.

इथेच एक कायद्याची गोष्ट. 'तुम्ही ऑफिसर आहात, तुम्हाला ओव्हरटाइम नाही' हे वाक्य नाशिकच्या शॉप फ्लोअरवर सर्रास ऐकू येतं. न्यायालयं मात्र पदनाम बघत नाहीत, प्रत्यक्षात मुख्य काम काय आहे ते बघतात. दिवसभर मशीनवर किंवा मोजमापं लिहिण्यात जात असेल, तर नावापुढे 'एक्झिक्युटिव्ह' लावल्याने माणूस आपोआप कामगाराच्या व्याख्येबाहेर जात नाही. सुपरवायझरी काम असेल तर मात्र नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार मासिक वेतन १८,००० रुपयांच्या वर गेलं की माणूस कामगार धरला जात नाही. आणि कामगाराला ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. रुजू होताना यावर वाद घालू नका, पण रोज प्रत्यक्षात काय केलं याची नोंद स्वतःकडे ठेवा.

## ६. मुलाखतीत विचारायचे प्रश्न

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' म्हणतात तेव्हा 'नाही सर' म्हणून उठू नका.

- सर, ही जागा नवीन आहे की कुणी सोडल्यामुळे रिकामी झाली?
- सहा महिन्यांनी माझं काम चांगलं चाललंय हे तुम्ही कशावरून ठरवाल?
- माझं रिपोर्टिंग कोणाला? आणि माझ्याकडे कोणी रिपोर्ट करणार का?
- दिवसातला किती वेळ शॉप फ्लोअरवर, किती संगणकावर, किती बाहेर?
- नेमणूक कंपनीच्या रोलवर की एजन्सीमार्फत?
- कामाची जागा नेमकी कोणती, आणि बसचा पिकअप कुठून?

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आकडा त्याच्या उत्तरात असतो. उत्तर 'इथे सगळंच बघावं लागतं' असं आलं तर काम ठरलेलं नाही. छोट्या कंपनीत ते चालून जातं, कारण शिकायला मिळतं. मोठ्या कंपनीत ते धोक्याचं, कारण प्रत्येक खात्याचं नको असलेलं काम तुमच्या टेबलावर येणार.

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण जाहिरातीतलं 'नाशिक' म्हणजे गोंदे, सिन्नरजवळची माळेगाव एमआयडीसी किंवा दिंडोरीही असू शकतं. शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर, आणि दुसरी पाळी सुटल्यावर पाथर्डी फाट्याला किंवा द्वारकेला उतरून पुढे घरी जायचं. बस नसेल तर पेट्रोलचा खर्च पगारातून वजा करूनच विचार करा.

## ७. ऑफर लेटरची आकडेमोड

मोठं पदनाम आणि मोठा सीटीसी (कंपनी तुमच्यावर करणार तो एकूण खर्च) एकत्र येतात, तेव्हा हातात काय पडणार ते कागदावर मांडा. वार्षिक सीटीसी ३,६०,००० धरू, त्यात दहा टक्के 'व्हेरिएबल', मूळ पगार निम्मा.

- महिन्याचा सीटीसी: ३०,०००
- व्हेरिएबल, वर्षअखेरीला आणि तेही मिळालं तर: ३,००० वजा
- कंपनीचा पीएफ, मूळ १५,०००च्या १२ टक्के: १,८०० वजा
- ग्रॅच्युइटी, मूळच्या ४.८१ टक्के: ७२२ वजा
- उरला ग्रॉस: २४,४७८
- तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसायकर २०० वजा
- हातात: २२,४७८

कँटीन, बस आणि मेडिक्लेमचा हप्ता कापत असतील तर आणखी कमी. फेब्रुवारीत व्यवसायकर ३०० असतो. महिलांना दरमहा २५,००० पर्यंत तो माफ आहे. पगारपत्रकात कापलेला दिसला तर सांगून थांबवा. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय लागू होतो, तुमच्याकडून ०.७५ टक्के आणि कंपनीकडून ३.२५ टक्के.

लेटरमध्ये आणखी चार गोष्टी शोधा: प्रोबेशनचा काळ, नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का, बदलीची अट, आणि बाँड. मूळ गुणपत्रिका कंपनीत जमा करून घेत असतील तर नाही म्हणा. पडताळणीसाठी दाखवायच्या, सत्यप्रती द्यायच्या, मूळ प्रत घरी.

## ८. कागदपत्रं

- दहावी, बारावी, डिप्लोमा किंवा पदवीच्या सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका, प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), पहिलीच नोकरी असेल तर उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळून निघतो
- फिटनेस सर्टिफिकेट, पासपोर्ट आकाराचे फोटो
- आधी नोकरी असेल तर रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा

सर्वांत जास्त खोळंबा नावामुळे होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, आणि लग्नानंतर आधार बदललेलं पण पॅन जुनंच. अशाने केवायसी अडकते आणि पुढे पीएफ काढताना दावा फेटाळला जातो. मुलाखती सुरू करण्याआधीच आधार आणि पॅनवरचं नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळवून घ्या.

## ९. ज्या पदनामांपासून दूर राहायचं

'टीम लीडर', 'ब्रँच मॅनेजर ट्रेनी', 'बिझनेस असोसिएट' अशा नावाने बोलावून एखाद्या हॉलमध्ये सेमिनार ऐकवतात आणि किट किंवा नोंदणीचे पैसे मागतात. ती साखळी आहे. थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांनुसार प्रवेश शुल्क घेता येत नाही आणि नवी माणसं जोडल्याबद्दल मोबदला देणारी पिरॅमिड योजना चालवता येत नाही. गणवेश, लॅपटॉप डिपॉझिट, 'फाइल चार्ज' या नावाने रुजू होण्याआधी पैसे मागणाऱ्या प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच: नाही. मोठ्या कंपनीच्या नावाने फुकटच्या ईमेल पत्त्यावरून ऑफर आली असेल, तर त्या कंपनीच्या गेटवर जाऊन सिक्युरिटीकडून एचआरला विचारा. नाशिकमध्ये तेवढं अंतर कापणं जमतं.

## १०. रुजू झाल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्यक्ष करत असलेल्या कामांची आठ-दहा ओळींची यादी करा आणि साहेबांना मेल टाका: 'सर, माझ्याकडे सध्या ही कामं आहेत, काही राहिलं असल्यास सांगावं.' उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी मेल तारखेसह राहतो आणि केआरए (वर्षभराच्या कामाची उद्दिष्टं) ठरवताना उपयोगी पडतो. प्रोबेशन संपलं की कन्फर्मेशन लेटर मागून घ्या; बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय निघत नाही.

बायोडेटात पदनाम लेटरवर आहे तेच लिहायचं. पडताळणीत कंपनीला पदनाम आणि तारखा विचारतात. स्वतःहून 'मॅनेजर' लावलं तर हातातली ऑफर जाते. मात्र त्याखालच्या ओळी तुमच्या आहेत. 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' एवढ्यावर न थांबता 'सीएनसी टर्निंगच्या सहा मशिनची इन-प्रोसेस तपासणी, पीडीआय, दोन ग्राहकांच्या ८डी' असं लिहा, म्हणजे समोरच्याला दोन मिनिटांत कळतं. सोडताना अनुभवपत्रात पदनाम आणि तारखांबरोबर कामाचं स्वरूपही एका ओळीत घालून मागा. मसुदा तुम्हीच टाइप करून नेला तर एचआर सहसा सही करून देतं.